खारूला वाट दाखवणाऱ्या बाई

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, शाळेचे मुख्याध्यापक, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या मार्गदर्शन विभागाच्या आपल्या बाई, शिक्षकवर्ग, माझ्यासारखे पालक, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी दातांची डॉक्टर आहे. दुसऱ्याला तोंड उघडायला लावायचं आणि आपण बोलत राहायचं, त्यानं उत्तर द्यायचं नाही, अशी मला वर्षानुवर्षांची सवय. त्यामुळे भाषण सोपं जाईल असं मुख्याध्यापकांना वाटलं असावं. पण खुर्चीत एकच माणूस असतो हो, इथे सभागृह भरलंय. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

बाईंच्या कार्याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. मी आमच्या घरात काय घडलं तेवढंच सांगणार आहे.

आमची मुलगी. लहानपणापासून तिला घरात सगळे खारू म्हणतात. खारीसारखी सगळं गोळा करून ठेवायची, म्हणून. तुटलेल्या बिजागऱ्या, घड्याळांचे पट्टे, सायकलचे छर्रे. तिच्या उशीखाली हात घालायचा म्हणजे जिवावरचं काम! शाळेच्या शेवटच्या वर्षाला ती आली, तेव्हा पुढे काय हा प्रश्न आमच्या घरात नव्हताच. शाळा सुटली की ती माझ्या दवाखान्यात यायची, संध्याकाळपर्यंत तिथेच रमायची. मग तिनं काय व्हायचं, हे काय विचारायला हवं? मी तर दवाखान्यात दुसरी खुर्चीसुद्धा बसवून घेतली होती. रुग्णांना सांगायची, "ती आमच्या लेकीची."

माझे यजमान विमा कंपनीत आहेत. जोखीम मोजणं हे त्यांचं काम, आणि ते काम त्यांनी घरीही आणलं. दंतवैद्यकाच्या सगळ्या विद्यापीठांचा एक भला मोठा तक्ता त्यांनी केला आणि जेवणघराच्या भिंतीवर लावला. क्रमवारी, वसतिगृह, शिष्यवृत्ती, घरापासूनचं अंतर. जेवताना आमच्या डोळ्यांपुढे तो तक्ता. माझा भाऊ, म्हणजे खारूचा मामा, दर रविवारी फोन करून सांगायचा, "कसले दात घेऊन बसलात? संगणक, संगणक घ्यायला सांगा!" मामा दूर राहतो, पण त्याचा आवाज घरातलाच वाटतो.

खारू काही बोलायची नाही. आणि मुलगी काही बोलत नाही म्हणजे तिला मान्य आहे, असं समजायला आई-बापांना किती सोपं जातं, नाही का?

तर शाळेच्या नियमाप्रमाणे आम्ही बाईंना भेटायला गेलो. त्यांची खोली ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. जिन्याखाली, छत एका बाजूला उतरतं, उंच माणसानं उठताना डोकं सांभाळायचं. यजमानांनी तक्त्याची गुंडाळी टेबलावर उलगडली. बाईंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. अगदी पूर्ण. मग म्हणाल्या, "मेहनत घेतलीत. रकाने कोणी ठरवले?"

"मीच," यजमान म्हणाले, जरा फुशारकीनंच.

"बरं," असं म्हणून बाई खारूकडे वळल्या. "तू आईच्या दवाखान्यात जातेस. तिथे बसतेस कुठे?"

मला हा प्रश्न अगदीच भाबडा वाटला. कुठे म्हणजे? दवाखान्यात!

खारू म्हणाली, "मागच्या खोलीत."

आमच्या मागच्या खोलीत रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे असतात. कवळी करायची तर आधी तोंडाचं माप घ्यायचं, त्यावरून साचा ओतायचा, तो घासून नीट करायचा. खारू ते साचे घासत बसायची. मला वाटायचं, पोर आवडीनं मदत करते.

"आणि पुढच्या खोलीत? आई रुग्ण तपासते तिथे?"

"तिथे मला कंटाळा येतो," खारू म्हणाली आणि लगेच माझ्याकडे बघून, "म्हणजे… सॉरी आई."

आम्ही आलो होतो विद्यापीठ निवडायला, आणि विषयच हातातून निसटला. 

पण मंडळी, बाईंना सगळं एका नजरेत कळतं असं इथे मघाशी कोणीतरी म्हणालं. ते काही खरं नाही, आणि बाईंनाही ते पटणार नाही. बाईंचा पहिला अंदाज साफ चुकला. त्यांना वाटलं, मुलीच्या हातात कला आहे, वस्तू घडवायला आवडतं, तर वस्तूंचं डिझाइन शिकवणारी पदवी बघावी. त्यांनी ओळख काढून एका विद्यापीठात सुट्टीतल्या आठवडाभराच्या शिबिरात तिला पाठवलं. खारू गेली तशी परत आली. बाईंसमोर बसून म्हणाली, "आम्ही खुर्ची बनवली. मी विचारलं, ही कोणासाठी? तर ते म्हणाले, कोणासाठीही. मग मला पुढे सुचेचना."

बाई म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला. आपण परत सुरुवात करू."

तुम्ही कधी कोणा मोठ्या माणसाला सोळा वर्षांच्या मुलीसमोर असं इतक्या सहज बोलताना ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. आमच्या पेशात तर दात चुकीचा निघाला तरी म्हणतात, तोही कधीतरी काढायचाच होता. हसू नका, मी तसं करत नाही!

त्या दिवसापासून खारू बाईंशी मोकळेपणानं बोलायला लागली. कोणासाठी हे माहीत असलेली वस्तू तिला बनवायची होती. एकाच माणसासाठी, त्याच्याच मापाची. बाईंनी शोधाशोध केली, जुन्या विद्यार्थ्यांना फोन केले, आणि एक पदवी समोर ठेवली. कृत्रिम हात-पाय बनवण्याची आणि ते माणसाला बसवण्याची. आम्ही नाव पहिल्यांदा ऐकलं. मामानं फोनवर विचारलं, "म्हणजे लाकडी पाय? डॉक्टरच्या पोटी सुतार?"

ती पदवी देणारी दोन विद्यापीठं आमच्या आवाक्यात होती. एक नामांकित, तक्त्यात घातलं असतं तर वरच्या ओळीत गेलं असतं. दुसरं एका सरकारी रुग्णालयाला जोडलेलं, नाव कोणी ऐकलेलं नाही. बाई म्हणाल्या, "दोन्ही बघून या. फाटकासमोर फोटो काढून परतायचं नाही. उपाहारगृहात बसा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, इथलं काय आवडत नाही? पहिल्या वर्षाची मुलं भारावलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची घाईत असतात."

नामांकित विद्यापीठात काचेच्या भिंती होत्या, हिरवळ होती. यजमान खूश. उपाहारगृहात एक मुलगा भेटला. त्याला विचारलं तर म्हणाला, "सगळं छान आहे. फक्त अजून एकाही रुग्णाला हात लावलेला नाही. ते तिसऱ्या वर्षी."

दुसरं विद्यापीठ म्हणजे रुग्णालयामागची जुनी इमारत. भिंतींचे पोपडे निघालेले, त्यांवर टांगलेले कृत्रिम पाय, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. तिथे एक गृहस्थ नव्या कृत्रिम पायाचं माप देत होते. पूर्वी क्रेन चालवायचे. गुडघ्याखालचा पाय अपघातात गेलेला. त्यांची परवानगी घेऊन तिथल्या शिक्षिकेनं खारूला जवळ उभं केलं. पट्टी सोडली, पायाचा उरलेला भाग उघडा झाला, आणि आमची खारू पांढरीफटक पडली. मी धरलं म्हणून, नाहीतर आडवीच झाली असती.

आम्ही तिला बाहेर पायऱ्यांवर बसवलं, पाणी पाजलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. यजमान माझ्या कानात म्हणाले, "मिटलं एकदाचं." मी मनातल्या मनात दुसऱ्या खुर्चीवरचं प्लास्टिकचं आवरण काढायलाही लागले होते.

थोड्या वेळानं खारू उठली आणि आत गेली. मी मागोमाग. त्या गृहस्थांसमोर उभी राहून ती म्हणाली, "माफ करा, मला चक्कर आली."

ते म्हणाले, "मलाही आली होती, पहिल्यांदा बघितला तेव्हा. स्टूल घे. बसल्यावर पडायचं भय नाही."

तिनं स्टूल घेतलं. विचारलं, "जुना पाय कुठे टोचतो?" त्यांनी दाखवलं. "चढावर की उतारावर?" ते विचारात पडले. "उतारावर, बाळ. उतारावर जीव नकोसा होतो." मग ती दोघं आणि ती शिक्षिका असं काही बोलत बसली की आम्ही नवरा-बायको भिंतीवर टांगलेल्या त्या पायांसारखेच दिसत असू. आमच्याकडे कोणाचं लक्षच नाही.

परत आल्यावर बाईंकडे शेवटची बैठक झाली. खारूनं सांगितलं, तिला ते धुळीचं विद्यापीठच हवंय. यजमानांनी आकडे मांडले. बाईंनी ऐकून घेतले, एकदोन आक्षेप रास्त आहेत असंही म्हणाल्या. नोकऱ्या कमी आहेत, गाव लांब आहे, हे त्यांनी खारूला स्पष्ट सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मी म्हणणार होते, तिच्या भविष्याची. तोंडून निघालं भलतंच. "माझ्यानंतर दवाखाना कोण बघणार?" आणि मग थांबता येईना. तो दवाखाना मी एका गॅरेजमध्ये सुरू केला, खारू पोटात असताना उभं राहून दात काढले, ती दुसरी खुर्ची कोणासाठी बसवली, सगळं सगळं बोलून गेले.

बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हा प्रश्न खरा आहे, आणि मोठा आहे. पण तो तुमचा आहे. तिच्या अर्जात त्याला जागा नाही."

मला राग आला. आज हसून सांगते आहे, पण तेव्हा पर्स उचलून उठलेही होते. आणि उतरत्या छताला डोकं आपटलं! त्या आवाजानं खारू हसली, आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, "आई, तू हे मला कधी बोललीच नाहीस. मला वाटायचं, मी तिथे बसते म्हणून तू खुर्ची आणलीस. मला वाटायचं, चूक माझीच आहे."

बाई उठून बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. आमचं बोलणं बराच वेळ चाललं. त्यात काय झालं ते मी इथे सांगणार नाही, आमच्यातलं आहे. इतकंच सांगते की खारूनं तिचा निर्णय बदलला नाही, आणि तिनं तो बदलावा असं घरी जाताना मलाही वाटत नव्हतं.

पुढे सगळं गोड गोड झालं का? नाही झालं. पहिल्या वर्षी यंत्रशास्त्राच्या पेपरात खारू नापास झाली. मामाचा फोन आलाच. "मी म्हटलं नव्हतं?" खारूनं मला कळवलं नाही, बाईंना कळवलं. बाईंनी तिला गोंजारलं नाही. "कोणतं प्रकरण कळलं नाही?" एवढंच विचारलं, आणि शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या सरांशी तिची गाठ घालून दिली. ते सर इथेच बसलेत, दुसऱ्या रांगेत. दर आठवड्याला फोनवर शिकवत होते. सर, तुमचेही आभार.

दुसऱ्या खुर्चीवरचे रुग्ण आता एक तरुण डॉक्टर बघते. हुशार आहे. दवाखान्यात कोणती गाणी लावायची यावरून आमचं रोज वाजतं.

बाई, खारू आज यायला हवी होती. तिकीटही काढलं होतं. पण तिच्या वर्गात सध्या रुग्ण विद्यार्थ्यांच्या हाती सोपवतात, आणि तिच्याकडे एक शाळेत शिकवणाऱ्या बाई आल्या आहेत. मापापासून सगळं काम खारूनं एकटीनं केलेला हा पहिला पाय. तो आज बसवून बघणार आहेत. आधाराला धरायच्या दोन दांड्यांच्या मधून त्या चालणार, आणि खारू समोर उभी राहणार. सकाळी ती फोनवर म्हणाली, "आई, बाईंना सांग, मी का आले नाही. त्या रागावणार नाहीत." मी विचारलं, "नीट बसेल ना गं?" तर म्हणाली, "माहीत नाही. नाही बसला तर परत करीन."

बाई, तुम्ही निवृत्त होत आहात. सुखानं राहा, तब्येत जपा. दातही जपा, सहा महिन्यांनी दाखवायला या. या शाळेतल्या कितीतरी घरांच्या वतीनं, आणि आमच्या घराच्या वतीनं तर हात जोडून, तुमचे आभार मानते. मला बोलायची संधी दिलीत म्हणून अध्यक्षांचे आणि संयोजकांचेही आभार. बोलण्याच्या ओघात कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, वेळ तर नक्कीच जास्त घेतला, त्याबद्दल उदार मनानं क्षमा करा.

आणि आणखी एका गोष्टीची आत्ताच क्षमा मागून ठेवते. मघापासून माझ्या पर्समध्ये फोन थरथरतो आहे. आता जागेवर जाऊन बसले की पुढच्या वक्त्यांचं भाषण सुरू असताना मी तो बघणार आहे.

नमस्कार.