गोपालकाकाचं काम

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: देवळीचं बसस्थानक, दुपार, आणि माझ्या शेजारच्या बाकावर शाळेतलं नाटक करून आलेली अंकिता व तिचे आजोबा रूपराव.

“आबा, तुमी नाटक पाहाले आत काऊन नाई आले?”

“बाजूच्या वावरातला गोपाल बसला होता पुढं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण झालं तवापासून मी त्याचं तोंड पाहत नाई.”

“नाटकात मी गोपालकाकाचंच काम केलं.”

“माह्या नातीनं? गोपालचं?”

“बाई म्हने, ज्याच्यासंगं घरचं बोलणं नाई, त्याचंच काम करा. बोलायचं काय, तेही त्यालेच विचारून या.”

“त्याच्या घरी गेलती तू?”

“हो. काकूनं चहा देल्ला.”

“मंग काय म्हने तो?”

“त्यांच्या ट्रॅक्टरवाल्यानं आपला धुरा नांगरला, तवा काका दवाखान्यात होते. सांगाले आले, तं तुमी दार लावून घेतलं.”

“अन् माहं काम?”

“त्यांच्या पोरानं, ऋतिकनं केलं.”

“त्यानं मले कुठं विचारलं?”

“आलता. तुमी हाकलून देल्लं.”

“मंग काय केलं त्यानं?”

“आपल्या मनानंच केलं. नाटकात मी काका होऊन बाहेरून हाक मारली, अन् त्यानं आबा होऊन दार उघडलं.”

रूपराव बसच्या वाटेकडं पाहू लागले.

“आबा, काका तिकडं उन्हात उभे हायेत.”

“दिसते मले.”

बस काही येईना.

“गोपाल, उभा काऊन हायेस? ये, बस इथं.”

अंकितानं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.