बारा नंबरचं डोकं

पाण्याचा फवारा. सैल टोपी. आईचा हात. बारा नंबर.

केसरोपणाच्या दवाखान्यात एक शिंपी आणि एक बसड्रायव्हर माझ्या शेजारी बसले होते. शिंप्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते; डोक्यावर सैल टोपी, हातात खपल्यांवर मारायचा पाण्याचा फवारा. बसड्रायव्हरचं आज होतं, नंबर बारा.

“दहा दिवस डोक्याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही म्हणतात,” शिंपी म्हणाला.

“मग नका लागू देऊ.”

“आई लावणार हो. तिला दिसत नाही. माझं टक्कल चाचपल्याशिवाय मी आलोय हे तिला पटतच नाही.”

“दहा दिवसांनी जा.”

“तिच्याकडे दोनच दिवस आहेत, असं तिचे डॉक्टर म्हणाले. केस गेले तर गेले, मी जातो.”

“आणि हाताला खपल्या लागल्या तर?”

“विचारेल, कुठे पडलास. तोच घोर घेऊन जाईल.”

“माझ्या डोक्यावरून हात फिरवा.”

“कशाला?”

“फिरवा तर. तुमचं असंच होतं?”

“असंच. मागे जरा जास्त केस होते.”

“मागे नाही जाऊ द्यायचा हात. बोलायचं तुम्ही, आईसमोर मी नुसता वाकतो.”

“अहो, पण आज तुमचा नंबर आहे.”

“केस काय पळून जातायत? ते कधीच पळालेत. उठा.”

बारा नंबर तीनदा पुकारला गेला.

ड्रायव्हरने या दिवसासाठी दोन वर्षं रजा साठवली होती.