पहिला तोच मरतो

...आणि वर कन्या मलाच दम देते हो, 'बाबा, ओरडू नकोस, पुस्तकात ओरडणारा पहिला मरतो!' आता तुम्हीच सांगा, दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकलेली, वर वॉर्डात बायको, बाहेरून वॉचमन नुसता 'आलोच साहेब, आलोच' म्हणतोय आणि येत मात्र नाहीये... माणसानं ओरडायचं नाही तर काय अंगाई म्हणायची?

कन्या पाचवीत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, 'जीव वाचवण्याच्या गोष्टी द्या तिला, मुलं धीट होतात. वाचाल तर वाचाल!' दिल्या! बेटावर अडकलेली पोरं, बर्फात हरवलेली पोरं, होडी बुडालेली पोरं... घरात एक पोर म्हणून सुखरूप नव्हतं! आणि धीट म्हणजे किती? मी घाबरून घटाघटा पाणी प्यायलो, तर बाटलीच काढून घेतली. 'सगळं पाणी पिणारा? पहिला तोच मरतो.' दाराला लाथ घातली. 'लाथा घालणारा? पहिला तोच.' अहो, एका माणसानं मरायचं तरी किती वेळा!

मग फतकल मारून बसली, बिस्किटाचा पुडा फोडला, तीन वाटे केले. म्हटलं, तिसरा कुणाचा? 'आईचा.' आईच्या घशाखाली आता पाणीसुद्धा उतरत नव्हतं, आणि डॉक्टरांनी मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता... मी आपलं नेहमीचं लावलं, 'खाईल हं आई, काही होत नाही तिला!' तर माझ्याकडे बघत म्हणते, 'बाबा, काही होत नाही म्हणणारासुद्धा...' तिसरा वाटा उचलून हातात धरला. नुसतं म्हणाली, 'खरं सांग.'

सांगितलं. लिफ्टच्या फरशीवर बसून सगळं सांगितलं. ती रडली, मीही रडलो, चांगला भोकाड पसरून. तेव्हा नाही म्हणाली ओरडू नकोस! तेवढ्यात दार उघडलं आणि वॉचमननं काय म्हणावं? 'बघा साहेब, काही होत नाही!'

वर गेलो. पोरीनं आईचा हात धरला, 'आई, मला माहितीये,' एवढंच म्हणाली. त्याच आठवड्यात बायको गेली.

आता बघा, ओरडणारा मी, घटाघटा पाणी पिणारा मी, खोटं बोलणारा मी... आणि जिनं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, ती पहिली! कुठल्या पुस्तकात बसतं हो हे? कन्येला विचारलं. तिनं सगळी पुस्तकं पुन्हा चाळली. पण हल्ली संध्याकाळी मी दिवा न लावता बसलो ना, की येते, दिवा लावते, त्यातलंच एक पुस्तक माझ्या मांडीवर आपटते आणि दरडावते, 'बाबा, वाच!'

वाचतोय... दुसरं काय करणार?