नजर खाली जात नाही

महादेवराव : वहिनी, दादाचं नाव माह्या घरात काढू नका. तुमी बसा, चहा घ्या. तुमच्याशी माहं भांडन नाही.

मनकर्णाबाई : चहा घ्याले नाही आली, भाऊजी. तुमचे दादा काल पुन्हा पडले. ओट्याच्या पायरीवरून. कपाळ फुटलं.

महादेवराव : पडन नाही तर काय! खाली पाहून चालाले कमीपना वाटते ना त्याले. महाराष्ट्र झाला त्या साली माह्या मंजुळाचं लगन झालं. पोरगी सासरी निघाली, मोठ्या बापाच्या पाया पडली. सारं देऊळघाट पाहून राह्यलं होतं. अन् दादा? ताठ उभा. पायाशी पोरगी रडून राह्यली, अन् हा लोकाइच्या डोक्यावरून पाह्यते! हात नाही, आशीर्वाद नाही.

मनकर्णाबाई : तेच सांगाले आली. तो माज नव्हता. रोग होता.

महादेवराव : माजाले रोग म्हणतात काय आता?

मनकर्णाबाई : मलेबी माजच वाटला होता. ताट वाढलं का हे समोरच्या भिताडाकडे पाह्यत भाकर चाचपत. वरन धोतरावर सांडे. लय बोलली मी त्यायले.

महादेवराव : डोये गेले काय मंग?

मनकर्णाबाई : डोये चांगले हायेत. खामगावच्या डॉक्टरनं नागपूरले पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं यायले भिताडावरच्या क्यालेंडरकडे एकटक पाहाले सांगतलं, अन् आपल्या हातानं यायचं डोकं हळूच मागं झुकवलं. तर नजर क्यालेंडरवरच राह्यली, बुबुळं आपोआप खाली आले. मंग म्हणले, आता तुमचे तुमी खाली पाहा. घामाघूम झाले हे, भाऊजी. पन बुबुळ हाललं नाही.

महादेवराव : असं कसं होईन?

मनकर्णाबाई : डॉक्टर म्हणले, डोये हालवनाऱ्या शिरा शाबूत हायेत. 'खाली पाहा' हा मेंदूतला हुकूमच डोयापर्यंत पोचत नाही. मानबी तशीच ताठत चालली. असा रोग आमालेबी नवा हाय, म्हणले.

महादेवराव : अन् औषध?

मनकर्णाबाई : नाही. आता जीभ जड झाली. पुढं बोलनंबी जाईन म्हणे. म्हनून आली मी. बोलता येते तवरोक चला.

महादेवराव : ...थांबा. टोपी घेतो.

(दादांचं, म्हणजे उत्तमरावांचं घर. ते बाजेवर उशीला टेकून बसलेले.)

महादेवराव : दादा, मी आलो.

उत्तमराव : कोन? ...कुठं हाय?

मनकर्णाबाई : भाऊजी, पायाशी नका बसू. तिथलं दिसत नाही त्यायले. उठा, समोर उभे राहा.

उत्तमराव : महादू! ...बुढा झाला बे तू.

महादेवराव : दादा, लगनात तुले मंजुळा दिसलीच नाही?

उत्तमराव : आवाज आला... रडत होती. पाहाले गेलो. डोये... गेलेच नाही खाली.

महादेवराव : मंग तवाच काऊन नाही सांगतलं? इतके सालं मी तुह्या दारासमोरून गेलो नाही, शेताले लांबून जात होतो!

उत्तमराव : काय सांगू? माहे डोये... माहं आयकत नाही, म्हनून? हासले असते लोक.

महादेवराव : मी नसतो हासलो.

उत्तमराव : तू तर... बोललाच नाही.

मनकर्णाबाई : राहू द्या आता ते. त्यायची जेवाची येळ झाली. लय बोलले का घास अडकते.

महादेवराव : आना वहिनी इकडं, मी चारतो. दूध-भाकर हाय, दादा. घे, तोंड उघड.

मनकर्णाबाई : एकदम तोंडाशी नका नेऊ, भाऊजी. आधी वर, डोयासमोर धरा. काय खाऊन राह्यले, ते पाहू द्या त्यायले.