पाइपातली दोरी

(वाडीतलं एक गोदाम. मोनाली आत ऑफिसात, कॅमेऱ्यांच्या नेटवर्क स्विचच्या रॅकपाशी. पियुष बाहेर गेटच्या केबिनमध्ये. मधात पत्र्यावरून गेलेला पाइप. दोघं फोनवर.)

मोनाली : ओढू का नोको, सांग ना एकदाचं!

पियुष : थांब वं. फायबर दोरीले बांधून टेप मारून राहिलो. काच हाय आतमधी, साध्या केबलीसारखं नाही ते.

मोनाली : माईत हाय. साधी केबल गेटपासून इथपर्यंत पोचत नाही म्हणून फायबर. कॅमेरे तिकडं, स्विच इकडं. मले नोको शिकवू, प्रशिकदादानं सगळं शिकवलं हाय.

पियुष : अन् त्याले कोणी शिकवलं?

मोनाली : तुनंच. मंग? आरती ओवाळू?

पियुष : काही नाही. पहिले तू मले पियुषदादा म्हणे.

मोनाली : पहिले मले भाऊ होता.

पियुष : ...ओढ. हळू. हातभर, हातभर.

मोनाली : येऊन राहिली.

पियुष : अरे, चालली! इकडची दोरीबी आत चालली. मले वाटलंच नव्हतं.

मोनाली : काहून?

पियुष : त्या दिवशी ही दोरी अर्धी-अर्धी होती ना. अर्धी तुह्या बाजूनं, अर्धी माह्या बाजूनं. वर पत्र्यावर पाइपाच्या जोडाचा डब्बा हाय, तिथी दोन टोकं भेटतच नव्हते. कमी पडली. म्हणून तर मी नाक्यावर नवीन बंडल आणाले गेलो.

मोनाली : झालं सुरू तुह्यं.

पियुष : खरं सांगून राहिलो वं. प्रशिकले म्हणलं, सावलीत बस, मी आलोच. वर चढू नोको, पत्रा तापला हाय.

मोनाली : हो का? मंग मे महिन्याच्या भर दुपारी पत्र्यावर कोण पडलेला सापडला? ऊन कोणाले लागलं? मालकाले संध्याकाळपर्यंत काम पाहिजे होतं, अन् तुनं चढवला माह्या भावाले.

पियुष : मालक मांगं लागला होता, हे खरं हाय. मी नाही चढवलं.

मोनाली : मंग तो वर काय कराले गेला होता? पतंग उडवाले?

पियुष : मले नाही माईत. सहा महिने झाले, तेच डोक्यात फिरून राहिलं. मी पत्र्यावर चढतच नाही आता. डब्बाबी उघडून नाही पाह्यला.

मोनाली : हे आईले येऊन सांग ना एकदा. ती अजूनबी त्याचे बूट पुसते. एका बुटाले लेस नाही, तर विचारते, दवाखान्यात कोणी काढली वं? मी म्हणते, पियुषले विचार.

पियुष : मी कायले लेस काढू?

मोनाली : तुले माईत अन् तुह्या... ए, अटकली!

पियुष : थांब.

मोनाली : जोर लावते.

पियुष : नोको! काच तुटन आतमधी. वरून काहीच दिसत नाही, अन् मंग उजेड जात नाही. ढिली सोड, मी हातभर मांगं घेतो. वळणात गाठ अटकली असन.

मोनाली : कोणती गाठ?

पियुष : दोन दोऱ्या जोडल्या तर गाठ राहीनच ना.

मोनाली : पण जोडल्या कोणी? तू तर म्हणे टोकं भेटत नव्हते.

पियुष : ढिली सोड पहिले.

मोनाली : सोडली.

पियुष : आता ओढ. झटका नोको.

मोनाली : निघाली. येऊन राहिली, येऊन राहिली... थांब.

पियुष : काय झालं? फायबर आलं?

मोनाली : थांब म्हणलं ना!

पियुष : बरं. थांबलो.

मोनाली : गाठ आली. एक नाही, दोन हायेत. अन् मधात दोरी नाही.

पियुष : मंग काय हाय?

मोनाली : लेस हाय. काळी. बुटाची. टोकाचं प्लास्टिक चावलेलं हाय. शाळेत होता तवापासून चावे तो. आई मारे त्याले.

पियुष : मोना...

मोनाली : गाठीवर टेप मारली हाय. एकदम गोल, चप्प. तू मारते तशी.

पियुष : मी बंडल घेऊन येतच होतो वं. नाक्यावर दोन ट्रक आडवे उभे होते, निघताच येईना.

मोनाली : वाटच नाही पाह्यली त्यानं. दोरी कमी पडली तर बूट सोडला, अन् चढला आपल्या मनानं.

पियुष : त्याले थांबणं कधी जमलं?

मोनाली : आमच्या घरात जमते कोणाले? ए, रडून राहिला का तू?

पियुष : नाही. वॉचमन पाहून राहिला इथी.

मोनाली : त्याले सांग, डोळ्यात कचरा गेला.

पियुष : बाकीचं उद्या करू का?

मोनाली : उद्या काहून? त्याचंच काम हाय हे. होऊ दे पुरं. ओढून राहिली मी, तू तिकडून सोडत राह्य.

पियुष : सोडून राहिलो.

मोनाली : ...आलं. फायबर आलं.

पियुष : टोक सोल. मी इकडून लाल टॉर्च मारतो. सरळ आत नोको पाहू, तिरपं पाह्य.

मोनाली : माईत हाय.

पियुष : दिसला उजेड?

मोनाली : थांब, सोलून राहिली.

पियुष : मोना, दिसला का? नाहीतर आतमधी तुटलं असन.

मोनाली : दिसला. लाल-लाल दिसून राहिला. नाही तुटलं.

पियुष : बरं झालं. आता ते लेस कापून घे दोरीतून.

मोनाली : कापत नाही. सोडवते.

पियुष : त्याची गाठ नाही सुटत लवकर.

मोनाली : नोको सुटू दे. बसली हाय मी. घरी नेऊन बुटात ओवते. आईले सांगते, कोणी नाही काढली. त्यानंच काढली.

पियुष : मी येऊ संग?

मोनाली : ये. चहा पिऊन जाजो.

पियुष : हाव. अन् पाह्य, फायबरसंग नवी दोरी बांधली होती मी, पुढं कोणाले कामी पडन म्हणून. ते आली का तिकडं?

मोनाली : आली. नवीकोरी हाय. आज घेतली का?

पियुष : नाही. त्याच दिवशीचं बंडल हाय. आजच फोडलं. इकडून कापू का आता?

मोनाली : दोन-चार हात जास्तच सोड, पियुषदादा.