बोअरच्या पाण्याचा डाग

खांडबारा स्टेशनच्या तिकिटाच्या रांगेत रंजनाबाई भिकुबाईला गाऱ्हाणं सांगत होत्या. मागे उभ्या मोहिनीताई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांचे कान तिकडेच लागले.

“परवा पोरगीवाला घर देखाले येतस, अन् संडासना भांडाले बोअरना पानीना लाल डाग. ब्लीचिंग पावडर टाकी, तं आखो पक्का व्हयना. सोयरीक मोडी व माय.”

“चिंच कोळीसन टाक, रातभर ऱ्हाऊ दे.”

“देवना तांब्या घासानी चिंच तठे?”

“डागले काय कळस, तो कोठे शे ते?”

मोहिनीताईंना राहवलं नाही. “आधी ती पावडर पूर्ण धुऊन काढा. दोन्ही एकत्र नको, विषारी वायू होतो.”

“धोसू, ताई.”

“सोयरा कोठला वं?” भिकुबाईने विचारलं.

“सारंगखेडाना हेमकांतभाऊ.”

“त्यासनं घर मी देखेल शे. तठे तं तुन्हापेक्षा लाल डाग शे.”

“मंग दोन किलो चिंच लिसू. जाताना त्यासले वानोळा दिसू.”