थर्कटलांच्या घराचं पुढचं दार

(लिटल हॅसलो गाव, मार्चमधली दुपार, वारा सुटलेला. थर्कटलांच्या घराचं पुढचं दार उघडं. विनिफ्रेड पास्क बाहेर पायरीवर. घरातली भाडेकरीण उंबऱ्याच्या आत.)

विनिफ्रेड : नाही, नाही, आत नाही यायची मी. या दारातून तर मुळीच नाही. तूच बाहेर ये, पोरी. अशी माझ्याजवळ पायरीवर बस. एका माणसाची गोष्ट सांगायचीय, आणि ती लांबून ओरडून सांगण्यासारखी नाही. अर्धी वाराच घेऊन जाईल.

भाडेकरीण : पास्कबाई, सामान बांधायचं चाललंय माझं. शनिवारी ट्रक येतोय. आणि खरं सांगू? सप्टेंबरात आम्ही इथे आलो, तेव्हापासून आज पहिल्यांदा कुणी ही घंटा वाजवली. मला वाटलं, बिघडून आपोआप वाजली.

विनिफ्रेड : गोष्ट लहान आहे.

भाडेकरीण : लहान म्हणजे?

विनिफ्रेड : चॅपेलात आम्ही लहान म्हणतो आणि मग घड्याळाकडे पाठ करतो. बस गं. गुडघे माझे दुखतायत आणि उभी तू.

भाडेकरीण : बसले. बोला.

विनिफ्रेड : एडमंड गेला.

भाडेकरीण : एडमंड थर्कटल? आमचे घरमालक?

विनिफ्रेड : काल पहाटे. तिकडे बाजारगावातल्या वृद्धाश्रमात. झोपेतच. आदल्या संध्याकाळी गात होता म्हणे. पलीकडच्या खोलीतला म्हातारा भिंत बडवत होता, हा गातच होता.

भाडेकरीण : अरेरे. मी एकदाच भेटले त्यांना, किल्ल्या घेताना. माझ्या मुलीला, पोपीला म्हणाले, या घरात चालायचं नाही हं, धावायचं.

विनिफ्रेड : म्हणणारच. एजंटाला त्यानं बजावलं होतं, घर द्यायचं तर लेकरू असेल त्यांनाच दे. एक ठीकठाक जोडपं आलं होतं, दोघं वकील. हा म्हणाला, त्यांच्याकडे फक्त मांजर आहे.

भाडेकरीण : हे मला कुणी सांगितलं नाही.

विनिफ्रेड : तुला कुणी काहीच सांगितलेलं दिसत नाही. असो. आठवडाभर शेतांची कुंपणं विणायचा तो माणूस, आणि रविवारी प्रवचन. पण साधं बोलता म्हणून येत नसे त्याला. दोन वाक्यं बोलला की तिसरं गाण्यात. बायबलातला योना माशाच्या पोटात निघाला की एडमंडचा आवाज खाली, आणखी खाली, आणि पायपेटीवर मी त्याच्यामागे धावतेय. पुढचा सूर कुठला धरणार ते त्यालाही ठाऊक नसे! माशानं योनाला किनाऱ्यावर टाकलं, की अख्खं चॅपेल उठून गायला लागायचं. बाहेर शेतकरी क्राउचचा कुत्रासुद्धा. मला विचारशील, तर देव त्या चॅपेलात दर रविवारी वेळेवर यायचा तो एडमंडचं ऐकायला.

भाडेकरीण : तुम्ही वाजवायचात?

विनिफ्रेड : उभा जन्म. त्याची बायको हेटी पहिल्या बाकावर बसून त्याच्याकडे बघायची. पायपेटी भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे माझी त्याच्याकडे पाठ. पण पाठीलाही ऐकू येतं, पोरी.

भाडेकरीण : पास्कबाई...

विनिफ्रेड : मी माझं सांगायला नाही आलेले. मागायला आले आहे. ऐक. शुक्रवारी दफन आहे. गुरुवारी संध्याकाळी त्याला इथे आणू दे. पुढच्या खोलीत एक रात्र ठेवू, आणि सकाळी या दारातून बाहेर नेऊ.

भाडेकरीण : शवपेटी? माझ्या घरात?

विनिफ्रेड : त्याच्या घरात. म्हणजे तुझ्याच. एजंट म्हणाला, महिनाअखेरपर्यंत घर बाईंचं, त्या नाही म्हणाल्या तर नाही. त्याची लेक अदेला कॅनडातून निघालीय, तिची तुला विचारायची हिंमत होईना. मी म्हटलं, मी जाते.

भाडेकरीण : माफ करा, पण नाही. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. त्याच खोलीच्या वर झोपते. नवरा समुद्रात पवनचक्क्या उभारतोय, तो पुढच्या महिन्याशिवाय येत नाही. आणि चर्चजवळ त्यासाठी जागा असते ना? सगळीकडे असते.

विनिफ्रेड : असते. पण त्याचा बाप याच दारातून गेला, आजा गेला, हेटी गेली. आमच्याकडे पुढचं दार त्यासाठीच असतं. नवरी एकदा त्यातून आत येते, आणि माणूस एकदा बाहेर जातं. मधलं सगळं आयुष्य मागच्या दारानं.

भाडेकरीण : थांबा. काय म्हणालात?

विनिफ्रेड : मागच्या दारानं. एरवी पुढच्या दाराला कोण हात लावतं?

भाडेकरीण : मी लावते! रोज! शाळा, बाजारहाट, कचरा...

विनिफ्रेड : बघितलंय आम्ही. कचरासुद्धा. मिसेस क्राउच बसची वाट बघत समोर उभी असायची. तू बटाट्यांची पिशवी घेऊन या दारातून आत शिरलीस की तिला खाली बसावं लागायचं. आम्ही म्हटलं, शहरातल्या लोकांचं काही वेगळं असेल.

भाडेकरीण : आणि म्हणून कुणी आलं नाही? सहा महिने? मी बटाटे चुकीच्या दारातून आणले म्हणून?

विनिफ्रेड : कोण म्हणतं आलं नाही?

भाडेकरीण : मी म्हणते! पास्कबाई, तुम्हाला कल्पना आहे का? चारला अंधार पडतो इथे. आल्या आल्या मी हे दार रंगवलं. दिवा लावला. पायपुसणं आणलं. घंटेची पितळी चकती दर शनिवारी घासते. नाताळात दोन डझन गोड मिन्स पाय भाजले, कुणी आलं तर घरात काही असावं म्हणून. शेवटी पाखरांना घातले. रोज संध्याकाळी इथे, दाराच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून पोपीला गोष्ट वाचून दाखवायची मी. स्वयंपाकघर उबदार, तरी इथे, गारठ्यात. का, माहितेय? कुणी घंटा वाजवली तर उठून येईपर्यंत ते निघून जाऊ नये म्हणून.

विनिफ्रेड : देवा रे.

भाडेकरीण : आणि आता येताय ते एका मेलेल्या माणसासाठी.

विनिफ्रेड : अगं, मी आले होते. तुम्ही आलात त्याच आठवड्यात. दुधी भोपळ्याच्या चटणीची बरणी घेऊन, मागच्या फाटकाशी. आत जाता येईना. साखळी आणि हे एवढं कुलूप.

भाडेकरीण : मागे ओढा आहे. पोपी दार उघडं दिसलं की पळते. पहिल्याच दिवशी लावलं मी ते कुलूप.

विनिफ्रेड : ओढ्यासाठी?

भाडेकरीण : मग कशासाठी?

विनिफ्रेड : या गावात मागच्या फाटकाला कुलूप कुणी लावत नाही. लावलं तर त्याचा अर्थ एकच, येऊ नका. मी हाका मारल्या. मग पिशवी फाटकाला अडकवली आणि गेले. बाईला एकटं राहायचं असेल, म्हटलं. मीही राहतेच की.

भाडेकरीण : चटणीची पिशवी? हिरवी? मला ओढ्याच्या काठी फाटलेली मिळाली, आत नुसत्या काचा. मी म्हटलं कोल्ह्यानं कुठूनतरी ओढून आणली.

विनिफ्रेड : आणि क्राउचची लाकडं? ती तर मिळाली ना?

भाडेकरीण : कुठली लाकडं?

विनिफ्रेड : ट्रॅक्टरभर! चांगली वाळलेली, ओकची. थंडी सुरू व्हायच्या आधी तुझ्या फाटकाबाहेर ओतून गेला. आठवड्यानं बघतो तर एक काटकी नाही. अजून सगळ्यांना विचारत फिरतो, बाईनं एका आठवड्यात एवढी जाळली तरी कशी!

भाडेकरीण : अरे देवा.

विनिफ्रेड : काय झालं?

भाडेकरीण : मला वाटलं, कुणी आमच्या दारात रानातला कचरा टाकून गेलं. मी कौन्सिलला फोन केला. तक्रार केली. त्यांनी गाडी पाठवून उचलून नेली.

विनिफ्रेड : क्राउचची ओकची लाकडं? कचऱ्याच्या गाडीत?

भाडेकरीण : हसू नका.

विनिफ्रेड : हसत नाहीये. वारा आहे डोळ्यांत. अगं, त्यानं तीन वर्षं वाळवली होती ती!

भाडेकरीण : आणि मी हिवाळाभर विजेची शेगडी लावून बसले. पास्कबाई, हसू नका म्हटलं ना.

विनिफ्रेड : तूही हसतेयस.

भाडेकरीण : मी हसत नाहीये.

विनिफ्रेड : बरं बरं. घे हा रुमाल. स्वच्छ आहे, कालपासून मी माझा दुसराच वापरतेय.

भाडेकरीण : एक सांगा. त्यांना हे ठाऊक होतं? म्हणजे मी या दारातून ये-जा करते ते?

विनिफ्रेड : एडमंडला? मीच सांगितलं. दर बुधवारी बसनं जायची ना मी त्याच्याकडे. म्हटलं, तुझी भाडेकरीण कचरा नेते बघ त्या दारातून, जिथून तुझी हेटी गेली. मला वाटलं खवळेल. तर म्हणाला, विनी, त्या दारानं आजवर आमच्या घरच्यांचं रडणंच ऐकलं जास्त. रोज एक लेकरू धावतंय त्यातून, तर बरं वाटत असेल त्याला. मग गायला लागला. मी वाजवायला नव्हते तरी.

भाडेकरीण : आणि तुम्ही हे मला आज सांगताय.

विनिफ्रेड : फाटकाला कुलूप होतं, पोरी.

भाडेकरीण : घंटा होती पुढे.

विनिफ्रेड : ही घंटा वाजवायची म्हणजे घरात कुणी गेलंय असं सांगायचं. आज मी दोनदा पायरी उतरले, मग वाजवली. तुझ्या लक्षात नाही आलं.

भाडेकरीण : मी आनंदानं धावत आले होते दार उघडायला.

विनिफ्रेड : बघितलं ते मी. म्हणूनच आधी तुला खाली बसवलं.

भाडेकरीण : गुरुवारी रात्री त्यांच्याजवळ कोण बसणार?

विनिफ्रेड : अदेलाचं विमान उशिरा उतरतंय, ती दमलेली असेल. मी बसेन.

भाडेकरीण : एकट्या?

विनिफ्रेड : सवय आहे.

भाडेकरीण : काय करणार रात्रभर?

विनिफ्रेड : काय करणार? गाईन त्याच्यासाठी. आजवर नुसतं वाजवलंच. एकदा तरी त्याच्याकडे तोंड करून... म्हणजे हळू गाईन गं. तुझी मुलगी वर झोपलेली असेल. तिला कळायचंसुद्धा नाही.

भाडेकरीण : मोठ्यानं गा.

विनिफ्रेड : काय?

भाडेकरीण : हळू नका गाऊ. सहा महिन्यांत या घरात आम्हा दोघींखेरीज आवाज नाही झालेला. पोपी झोपायला घाबरते ती शांततेला, माणसांना नाही. मी तिला सांगेन, हे घर ज्या आजोबांचं, ते एक रात्र राहायला आलेत, आणि खाली एक आजी त्यांना गाणं म्हणतेय. तिला पटेल. मलाच पटायला जरा वेळ लागला.

विनिफ्रेड : म्हणजे आणू त्याला?

भाडेकरीण : आणा. पुढच्या खोलीत खोकी रचलीत, ती तेवढी हलवायला माणसं पाठवा. क्राउचना नका पाठवू. की पाठवा. लाकडांचं मला त्यांना तोंडावर सांगायलाच हवं. आणि किती लोक येतील?

विनिफ्रेड : सगळे. आणि पलीकडच्या दोन गावांतले, ज्यांनी त्याचा योना ऐकलाय ते.

भाडेकरीण : माझे कप बांधून झालेत.

विनिफ्रेड : कप आम्ही आणू, किटल्या आणू, मिसेस क्राउच सँडविच करेल, तिला अडवणं कुणाला जमलेलं नाही. तू फक्त ते कुलूप काढ. ओढ्याच्या बाजूला माझा भाचा दोन फळ्या ठोकून देईल, लेकरू जायचं नाही तिकडे. आजच देईल.

भाडेकरीण : शनिवारपर्यंत पुरतील एवढ्या ठोकल्या तरी चालेल.

विनिफ्रेड : हं.

भाडेकरीण : ट्रक ठरलाय, पास्कबाई. कॉव्हेंट्रीला बहिणीच्या शेजारीच घर मिळालंय. पोपीला शाळा मिळालीय तिथे.

विनिफ्रेड : मी काही विचारलं?

भाडेकरीण : डोळ्यांनी विचारलंत.

विनिफ्रेड : म्हाताऱ्या डोळ्यांचं काय मनावर घेतेस! आणि अदेला घर विकणारच म्हणतेय. राहिली असतीस तरी उन्हाळ्यापर्यंतच. देवानं आणलं तुम्हाला इथे, आणि देवच नेतोय. मधले हे सहा महिने तेवढे आम्ही वाया घालवले.

भाडेकरीण : मीही घालवले. उठायचंय? हात द्या. सावकाश.

विनिफ्रेड : चॅपेलात रविवारी, गाणं सुरू व्हायच्या आधी, गावाबाहेर असलेल्यांची नावं घेतो आम्ही. कुणी जहाजावर, कुणी नोकरीला, कुणी दवाखान्यात. एडमंडनंच पाडली ती रीत. आता ती नावं मी घेणार. आवाज पोचेल का कोण जाणे.

भाडेकरीण : फक्त गावच्याच माणसांची घेता?

विनिफ्रेड : फक्त गावच्यांची. म्हणजे कसं, ज्यांच्या घरी आपण चहा प्यायलो त्यांची.

भाडेकरीण : गुरुवारी रात्री घ्याल चहा माझ्याकडे?

विनिफ्रेड : रात्रभर गाणार तर घशाला काही लागेलच की.

भाडेकरीण : मग रविवारी आमचीही नावं घ्या. तोवर आम्ही गेलेलो असू.

विनिफ्रेड : घेईन. लेकराचं नाव ठाऊक आहे, तू हाका मारतेस त्या ओढ्यापलीकडे ऐकू येतात. तुझं काय गं नाव? आम्ही आपले सगळे थर्कटलांची भाडेकरीणच म्हणतो.

भाडेकरीण : ब्रायनी. रविवारी गाण्याच्या नादात राहून गेलं, तर सोमवारी घरी बसून घ्या, पास्कबाई. पण घ्या.